शेवटच्या संघाचं काम

मला डोंगर आवडत नाहीत. जिंतूर तालुक्यातल्या ज्या वाडीत माझी शाळा होती, तिथं एसटी फाट्यावर सोडायची आणि पुढं दोन टेकड्या चढून-उतरून जावं लागायचं. सहा वर्षं मी ते केलं, पण त्याबद्दल कुणी मला बिल्ला दिला नाही. म्हणून त्र्याहत्तर सालच्या श्रावणात शिक्षकांच्या स्काउट-गाइड शिबिराचं पत्र आलं आणि त्यात ‘निसर्गाच्या सान्निध्यात दहा दिवस’ असं वाचलं, तेव्हा मला हसूच आलं. तरी मी गेले, ती पूर्णेसाठी गेले.

पूर्णेला माझं घर होतं. घर म्हणजे माझ्या नवऱ्याला, उद्धवला, रेल्वेची एक खोली मिळाली होती. तो तिथं लोको शेडमध्ये फिटर. त्याच्याजवळ माझी सासू सुलाबाई आणि माझी पाच वर्षांची लेक सुजाता. वाडीत डॉक्टर नाही, दुकान नाही, राहायला धड खोली नाही, म्हणून सुजाता दीड वर्षाची असताना मी तिला तिकडं ठेवली. महिन्या-दोन महिन्यांनी मी जायची. त्या जूनमध्ये गेले तर दार तिनंच उघडलं. माझ्याकडं नीट बघितलं आणि आत ओरडली, “आजी, पाव्हनी आली!” सुलाबाई हसल्या, उद्धव हसला, मीही हसले. मग मोरीत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

पूर्णेच्या एका मुलींच्या शाळेत गाइड कॅप्टनची जागा रिकामी होती. परभणीच्या ऑफिसातल्या साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, ऑगस्टअखेर प्रमाणपत्र आणा, बदली तुमची. नाही आणलं तर जागा दुसऱ्या बाईला जाईल, आणि पुढचं शिबिर थेट पुढच्या वर्षी. त्या कागदासाठी मी डोंगर काय, येलदरीचं धरणसुद्धा पोहून गेले असते. मला पोहता येत नाही ही गोष्ट वेगळी.

शिबिर येलदरीच्या अलीकडं, म्हसाईच्या डोंगराच्या पायथ्याशी होतं. आदल्या वर्षी दुष्काळानं जीव खाल्ला होता, त्यामुळे पाऊस पडतोय याला कुणी नाव ठेवायची सोय नव्हती. पण तंबू गळत होते, सरपण ओलं होतं आणि आठ दिवसांत एकदाही माझी साडी पुरती वाळली नाही. शिबिरप्रमुख अण्णासाहेब बाहेरच्या जिल्ह्यातले. पन्नाशीचा माणूस, हाफ पँट, काठी, शिट्टी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी “आलं लक्षात?” माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना वाटायचं की दगड, झाड, ओढा ही सगळी शिबिरासाठीच ठेवलेली आहेत.

नवव्या दिवशी परीक्षा होती. अण्णासाहेबांनी सकाळीच डोंगरातून एक वाट आखली आणि वाटेवर दगडांच्या खुणा मांडल्या. मोठ्या दगडावर लहान दगड, म्हणजे हीच वाट. त्याच्या उजवीकडं आणखी एक, म्हणजे उजवीकडं वळा. एकावर एक तीन दगड, म्हणजे पुढं धोका, सावध. सपाट दगडांचा बाण असेल तर बाणाच्या दिशेनं. अर्ध्या-अर्ध्या तासानं एकेक संघ सुटणार, डोंगरावरून वळसा घालून चार वाजायच्या आत तळावर परत येणार. संघ अख्खा आला पाहिजे. एक जण जरी मागं राहिला तरी सगळे नापास. शिवाय जो संघ शेवटी निघेल त्यानं येता-येता सगळ्या खुणा मोडायच्या, दगड वाटेच्या कडेला गोळा करायचे, म्हणजे दुसरा कुणी वाटसरू फसायला नको. “आपण आलो होतो हे डोंगराला कळता कामा नये. आलं लक्षात?”

शेवटचा संघ आमचा होता. तिघीच होतो. संघनायक मी. दुसरी हेमा, परभणीची, नुकतीच नोकरीला लागलेली पोर. जोंधळ्याच्या धाटाइतकी बारीक आणि भित्री. तिसऱ्या मालनबाई. वय बावन्न. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांच्या मांडीवर तीन पोरं होती. त्यानंतर त्या सातवीची फायनल पास झाल्या आणि मास्तरीण झाल्या. निळ्या साडीची सक्ती त्यांनी पहिल्याच दिवशी मोडून काढली होती. पांढरं लुगडं नेसायच्या, वर स्कार्फ आणि शिट्टी. मीही बौद्ध असल्यामुळे त्या मला आपली समजायच्या आणि हक्कानं बोलायच्या. मला ते कधी आवडायचं, कधी नाही.

साडेबाराला निघालो. पाऊस होताच. डोक्यावर पोत्याचे घोंगते घेतले होते, ते अर्ध्या तासात भिजून जड झाले. पहिल्या तासात सगळं ठीक चाललं. खूण दिसायची, हेमा वहीत टिपायची, मी आणि मालनबाई दगड उचलून कडेला ठेवायचो. मोडायचं काम मला आवडलं हे कबूल करते. बांधायला अक्कल लागते, वेळ लागतो. मोडलं की पुढं सरकता येतं.

मग एका खिंडीपाशी खुणा संपल्या. अण्णासाहेबांनी सांगितलं होतं की खिंडीत एक मोठा बाण आहे. बाण नव्हता. आम्ही पाच-दहा मिनिटं शोधलं. तेवढ्यात वरच्या अंगाला हेमाला तीन दगडांची खूण दिसली.

“ताई, धोक्याची हाय,” ती म्हणाली.

“असू दे. खूण हाय ना? चल.”

ती मोडून वर गेलो तर पुढं आणखी एक, तीही तीन दगडांची. मग लागोपाठ दोन. मग एका खडकावर चार. हेमाचा चेहरा पडला. एवढा धोका म्हणजे वर वाघच बसलाय असं तिला वाटायला लागलं. ती माझा पदर धरून चालायला लागली. मालनबाई म्हणाल्या, “लीला, मला काय हे बरोबर वाटंना. येवढ्या खुना कशाला करंल तो मानूस?”

“आपल्याला लावलंय कामाला,” मी म्हणाले. “शेवटच्या संघाला जास्त. मार्क कापायचे असतील.”

खरं म्हणजे मलाही ते बरोबर वाटत नव्हतं. पण माझं लक्ष घड्याळाकडं होतं. अडीच वाजून गेले होते आणि प्रत्येक खुणेला दोन मिनिटं जात होती. मी हातानं दगड उचलायचे सोडून पायानं ढकलायला लागले. मालनबाई मागून ते गोळा करून कडेला रचत होत्या. हेमा खिंडीपासूनच्या खुणा वहीत मोजत होती. एकवीस झाल्या तेव्हा पावसातून कुणीतरी ओरडलं.

“अवो बाई! घरं कशाला मोडायलात?”

खालच्या वाडीतली बाई होती. साठीची, डोक्यावर पोतं, हातात नारळाची पिशवी. तिच्या मागं दोन तरण्या बायका. तिनं सांगितलं, तिचं नाव केशरबाई. आणि मग जे सांगितलं ते ऐकून मी पाय होता तिथंच ठेवला. वर म्हसाई देवीचं ठाणं होतं. श्रावणातल्या शुक्रवारी ज्याला घर हवं असेल त्यानं इथं येऊन दगडावर दगड मांडायचा आणि मनात मागायचं. आज शुक्रवार होता. सकाळपासून बायका येऊन गेल्या होत्या.

“खिंडीत सपाट दगडांचा बाण होता, तो बघितला का?” हेमानं रडवेल्या आवाजात विचारलं.

“बान? ते चांगलं चापट दगड व्हय? ते आमच्या पोरींनी उचललं की दुपारच्या पारी. बुडाला घालायला असं दगड वर घावत न्हाईत.” केशरबाईनं मालनबाईंनी रचलेल्या ढिगाकडं बघितलं. “ह्ये बगा, ह्येच की ते.”

तिनं आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती फक्त एकेका रिकाम्या जागेपाशी जाऊन उभी राहायला लागली. “ह्ये पारूचं. नवऱ्यानं टाकलीय तिला, दोन सालं झाली. ह्ये माज्या सुनंचं. पोरगा ऊसतोडीला जातोय, घरी ऱ्हात न्हाई. ह्ये त्या आसोल्याच्या म्हातारीचं. लेकानं खोपटाबाहेर काढलीय, ती एवढा डोंगर बसत-उठत चढली बगा.”

“आम्हाला माहीत नव्हतं,” मी म्हणाले.

“न्हाईच ठावं. ठावं असल्यावर कोन मोडंल?” ती म्हणाली. “बांदा मंग आता.”

“तुम्हीच बांधा ना. तुम्हाला माहितीये कुणाचं कुठं होतं.”

“आमी हात लावून चालत न्हाई, बाई. मोडलं तर मोडनारानंच बांदावं लागतंय. मी नाव सांगते, तुमी बांदा.”

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. तिथून खाली तळ दिसत होता, पण उतारानं पाऊण तास तरी लागणार होता. मी घड्याळ पदरानं पुसलं आणि म्हणाले, “चला.” हेमा लगेच हलली. मालनबाई हलल्या नाहीत. त्यांनी शिट्टीची दोरी स्कार्फात खोचली, लुगड्याचा काष्टा आवळला आणि त्या खाली बसून ढिगातला एक चपटा दगड ओढायला लागल्या.

“मालनबाई, काय करायलात? उठा.”

“तुमी दोघी व्हा म्होरं. मी बांदून येते.”

“तुमी न्हाई आलात तर आमी नापास. अख्खा संघ पायजे.”

“मंग बस, तू बी बांद. तिघींनी केलं तर तासाभरात हुईल.”

मला राग आला. मी म्हणाले, “आपण हे मानतो का? दगडावर दगड ठेवून कुणाला घर मिळतं का? तुमी बाबासाहेबांची दीक्षा घेतलेली बाई, आन इथं म्हसाईपुढं बसायलात?”

मालनबाईंनी वर बघितलं. पाणी त्यांच्या नाकावरून गळत होतं. “मी कुठं मानते? देवी देती का न्हाई, मला काय करायचं? दीक्षा घेतली तवा आपल्या घरातलं देव आपन आपल्या हातानं उचलून नदीत सोडलं. शेजाऱ्याच्या घरातलं न्हाई सोडलं. हे दुसऱ्याचं हाय, लीला. मी मोडलंय. एवढंच मला समजतंय.”

मी मग दुसरं केलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सुजाताचं सांगितलं. पाव्हनी आली म्हणाली, ते सांगितलं. ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मालनबाईंचा हात दगडावरच राहिला. मग मी केशरबाईकडं वळून म्हणाले, “चार वाजता तिथं हजेरी लावते आणि तशीच परत येते. आम्ही तिघी येतो. सगळी बांधून देते. शब्द देते तुम्हाला.”

केशरबाईनं माझ्या स्कार्फकडं, बिल्ल्याकडं बघितलं. “या मंग,” ती म्हणाली. “मी बसते ठान्यापाशी दिवस हाय तवर. न्हाईतर उद्या येते सकाळच्याला.”

मालनबाई उठल्या. आम्ही उतार धावतच उतरलो. दोनदा मी पडले, कोपर फुटलं. चार वाजायला सहा मिनिटं असताना तळावर पोचलो. अण्णासाहेबांनी घड्याळ बघितलं, तिघी मोजल्या आणि वहीत लिहिलं. “खुणा सगळ्या मोडल्या?”

“सगळ्या,” मी म्हणाले.

“शाब्बास.”

मला इतका आनंद झाला की मी तिथंच चिखलात बसले. पूर्णेची खोली, दारातली बादली, सुजाताची वेणी, सगळं एकदम समोर आलं. हे लपवून उपयोग नाही. त्या वेळी मला डोंगरावरचं काहीही आठवलं नाही.

मालनबाई चहा न घेता घोंगता डोक्यावर घेऊन आल्या. “चल.”

पाऊस वाढला होता. मधल्या ओढ्याला पाणी आलं होतं आणि अण्णासाहेबांनी कुणी तळ सोडायचा नाही असं सांगितलं होतं. मी मालनबाईंना तेच सांगितलं. त्या ओढ्याकडं बघत राहिल्या. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. पलीकडून एक गुराखी म्हशी घेऊन आरामात येत होता. ते त्यांनी बघितलं आणि मीही बघितलं.

“सकाळी जाऊ,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

सकाळी उजाडायच्या सुमारास त्यांनी माझ्या पायाला हात लावला. मी जागी होते. डोळे न उघडता म्हणाले, “तुमी व्हा म्होरं, मी आलेच.” मग तंबूची ताडपत्री हलली आणि त्यांची पावलं चिखलात वाजत दूर गेली.

मी उठले असते का, ते मला आजही सांगता येत नाही. सहा वाजता परभणीच्या साहेबांची जीप आली. निरोपाचा कार्यक्रम दहाला होता, पण रस्त्यातल्या फरशी पुलावरून पाणी जाईल म्हणून त्यांना लवकर निघायचं होतं. घाईघाईनं ओळी केल्या, प्रार्थना झाली, नावं पुकारली. माझं नाव आल्यावर मी पुढं गेले, सलाम केला, कागद घेतला. मालनबाईंचं नाव दोनदा पुकारलं. अण्णासाहेबांनी माझ्याकडं बघितलं.

“येतील,” मी म्हणाले.

साडेसातला ट्रक निघाला. तंबू उतरवायला चार-पाच माणसं मागं राहणार होती, दुसरा ट्रक दुपारी येणार होता. मी त्या ट्रकनं गेले असते तरी चाललं असतं. प्रमाणपत्र माझ्या हातात होतं, कुणी ते काढून घेणार नव्हतं. पण शनिवार होता. ऑफिस अर्धा दिवस. दुपारच्या आत परभणीला पोचले तर कागद आजच दाखल होणार होता आणि संध्याकाळच्या गाडीनं मी पूर्णेला. सोमवारी दाखल केला असता तरी बदली झालीच असती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. खिंडीच्या खालून जाताना हेमानं माझा हात धरला. वर, धुक्यातून, एक पांढरं लुगडं दिसत होतं. वाकलेलं. शेजारी पोतं पांघरून कुणीतरी बसलेलं. पांढरं लुगडं सरळ झालं, चार पावलं चाललं आणि परत वाकलं.

“ताई, गाडी थांबवायची का?” हेमानं विचारलं.

ड्रायव्हरच्या टपावर दोनदा थाप मारायची होती, बस.

“फरशीवर पाणी येईल,” मी म्हणाले.

हेमानं हात सोडला. परभणीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि त्यानंतरही फारशी कधी नाही.

वीस दिवसांत ऑर्डर निघाली. पूर्णेला मी पथक उभं केलं, बत्तीस मुलींचं. सुजाता पहिल्या आठवड्यात सुलाबाईंच्या मागं लपायची, दुसऱ्या आठवड्यात माझ्या पिशवीत हात घालायला लागली, आणि दिवाळीच्या आधी एकदा तापात मला आई म्हणाली. मी सुखी होते. ते सुख मोडकं होतं, अर्धवट होतं, असं मी म्हणणार नाही. पोटभर होतं.

दिवाळीनंतर एक पोस्टकार्ड आलं. मालनबाईंचं. अक्षर मोठं, ओळी तिरक्या. प्रकृती बरी आहे, पाऊस चांगला झाला, जोंधळा चांगला आहे, असं वर लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं:

‘एकवीसच्या एकवीस बांधली. दुपार झाली. केशरबाई नावं सांगत होती म्हणून सोपं गेलं. पारूला अजून नवऱ्यानं नेली नाही असं ऐकते. शेवटी केशरबाई म्हणाली, त्या दुसऱ्या बाईचं बी एक बांधा, तिची लेक लहान हाय म्हणत होती. मी म्हटलं तिला गरज नाही. ती वेळेत पोचली. मुलीला आशीर्वाद.’

सुजाता माझ्या मांडीवर होती. तिनं कार्डावरच्या तिकिटाला बोट लावून विचारलं, “आई, कुनाचं पत्र?”

“कुणाचं नाही,” मी म्हणाले.